परीक्षा दिली की घेतली? ‘टेक’ची गोष्ट, व्हाया वणी



आजचा अख्खा भाग एका इंग्रजी क्रियापदावर आहे. ‘टेक’. लहानपणी पहिल्या काही शब्दांत शिकलेलं. कंटाळवाणं वाटत असेल तर दीडपट स्पीडवर ऐका, पण बंद करू नका. मध्ये व्हायकिंग येणार आहेत, आणि वणीचं बसस्टँडही.

आधी माझी फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी मला एका नव्या प्रोजेक्टवर जायचं होतं. त्याआधी क्लायंटकडच्या एका मॅडमशी व्हिडिओ कॉल. त्या अमेरिकेत, मी पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, मागच्या दोरीवरचे कपडे दिसू नयेत म्हणून लॅपटॉप तिरका केलेला. त्यांनी एका सर्टिफिकेशनबद्दल विचारलं. मी म्हटलं, ‘आय हॅव गिव्हन दॅट एक्झॅम टू टाइम्स.’ त्यांचा चेहरा खुलला. अरे वा, म्हणजे तू परीक्षक आहेस? मला प्रश्नच कळला नाही. मी आपलं रेटून म्हटलं, ‘येस येस, आय गेव्ह इट. फर्स्ट टाइम आय फेल्ड.’

स्वतःच्याच परीक्षेत नापास झालेला परीक्षक. पुढचे चार सेकंद कॉलवर जी शांतता होती ती मला अजून ऐकू येते. मग आमच्या मॅनेजरने म्यूट काढून हसत हसत सांगितलं की याला ‘टुक’ म्हणायचंय. सगळे हसले, मीही हसलो. प्रोजेक्ट मिळाला नाही. त्याच वाक्यामुळे नाही मिळाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. जे सांगायचं ते चॅटमध्ये टाइप करायचो. टाइप करताना निदान आधी शोधून बघता येतं.

मला लागलं ते हे, की त्या वाक्यातला एकही शब्द मला नवीन नव्हता. ‘गिव्ह’ माहीत, ‘टेक’ माहीत, ‘एक्झॅम’ तर आयुष्यभराची ओळख. चूक शब्दाची नव्हती, जोडीची होती. मग मी वहीत जोड्या लिहायला लागलो, आणि लिहिता लिहिता या सगळ्याचा इतिहास शोधत बसलो. तो आजचा भाग.

मराठीत बघा हे प्रकरण किती साफ आहे. मास्तर परीक्षा घेतात, पोरगं परीक्षा देतं. मास्तर हजेरी घेतात, आपण हजेरी देतो. साहेब मुलाखत घेतो, उमेदवार मुलाखत देतो. पोलीस जबाब घेतात, साक्षीदार जबाब देतो. म्हणजे ज्याच्या हातात अधिकार तो घेतो, आणि टेबलाच्या अलीकडचा माणूस देतो. त्यातही गंमत अशी की हजेरी, मुलाखत, जबाब हे तिन्ही शब्द मूळ अरबी, फारसीच्या हाताने आपल्याकडे आलेले. नामं बाहेरची, क्रियापदं मात्र घरची.

इंग्रजी माणूस तीच परीक्षा उलट्या बाजूने बघतो. त्याच्या डोळ्यांसमोर प्रश्नपत्रिका आहे. शिक्षक ती देतो, विद्यार्थी घेतो. आपल्या डोळ्यांसमोर उत्तरं आहेत. ती विद्यार्थी देतो, शिक्षक घेतो. वस्तू एक, खोली एक, बाण दोन. आणि ब्रिटनमध्ये तर विद्यार्थी परीक्षा ‘सिट’ करतो, म्हणजे बसतो. आपण ‘परीक्षेला बसणे’ म्हणतो ते तिकडूनच आलं असावं असा माझा अंदाज आहे.

लेखी परीक्षा नावाची जी यंत्रणा आपण आज ओळखतो, नोंदणी, हॉल, छापील पेपर, निकाल, ती आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ साली झाली, आणि १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आमच्या भागातल्या पोरांना त्या काळात नागपूर गाठावं लागायचं. वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. तर ही सगळी व्यवस्था इंग्रजीतून आली, पेपर इंग्रजीत, नियम इंग्रजीत, पण घरी येऊन आईला सांगताना क्रियापद बदललं नाही. परीक्षा ‘दिली’. आणि मग हीच माणसं इंग्रजी बोलायला लागली तेव्हा घरचं क्रियापद इंग्रजी कपडे घालून बाहेर पडलं. ‘आय गेव्ह द एक्झॅम.’ हिंदीवाले तेच म्हणतात, गुजरातीही तेच. माझी चूक माझी एकट्याची नव्हती, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. अमेरिकेतल्या मॅडमना त्याचा काही उपयोग नव्हता, तो भाग वेगळा.

आता व्हायकिंग.

‘टेक’ म्हणजे इंग्रजीचा अस्सल, खानदानी शब्द असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’साठी शब्द होता ‘निमान’. जर्मनमध्ये आजही ‘नेमेन’ म्हणतात, तो त्याचा सख्खा भाऊ. साल ८६५ मध्ये डेन्मार्क आणि आसपासच्या भागातून मोठं सैन्य इंग्लंडमध्ये उतरलं. आधी लूटमार, मग तहनामे, मग शेती. उत्तर आणि पूर्व इंग्लंडचा मोठा पट्टा त्यांच्या कायद्याखाली गेला, त्याला ‘डेनलॉ’ म्हणतात. १०१६ मध्ये तर कनूट हा डॅनिश माणूस इंग्लंडचा राजाच झाला. या लोकांची भाषा होती ओल्ड नॉर्स, आणि त्यांचा शब्द होता ‘टाका’. त्याचं झालं ‘टेक’.

अनोळखी वस्तूचं नाव उसनं घेणं साधी गोष्ट आहे. आपण बटाटा घेतला, तसा त्याचा शब्दही पोर्तुगीजांकडून घेतला. पण ‘घेणे’ हे क्रियापदच शेजाऱ्याकडून घेणं म्हणजे कमाल झाली. हे दुरून होत नाही. एका गावात राहून, एकमेकांची गुरं विकत घेऊन, एकमेकांच्या घरी मुली देऊनच होतं. आणि ‘टेक’ एकटा नाही. ‘गेट’ही नॉर्सच. ‘गिव्ह’ इंग्रजांचा स्वतःचा होता, पण त्यांच्याकडे त्याचा उच्चार सुरुवातीला ‘य’सारखा व्हायचा. चौदाव्या शतकात लंडनचा चॉसर ‘यिव्ह’च्या जवळचं काहीतरी लिहितो. आजचा ठणठणीत ‘ग’ उत्तरेकडच्या नॉर्स वळणाचा आहे. अगदी ‘दे’ हे सर्वनाम, म्हणजे ‘ते लोक’, तेही नॉर्स.

‘निमान’ लगेच मेला नाही. दोन-तीनशे वर्षं दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदले, मग हळूहळू ‘टेक’ने जागा खाल्ली. आमच्या धंद्यात असं होतं. नवी लायब्ररी येते, जुनी काढून टाकतात, पण कोडच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जुन्या नावाची एखादी फाइल राहून जाते. ‘निमान’च्या अशा दोन फाइली राहिल्यात. एक ‘निंबल’, म्हणजे चपळ, पटकन उचलून घेणारा. दुसरी ‘नंब’, म्हणजे बधिर. शब्दशः ‘घेतला गेलेला’, जसा आपला हात झोपेत कुणीतरी घेऊन गेल्यासारखा होतो. त्या कॉलवरच्या चार सेकंदांत मी ‘नंब’ होतो, आणि कारण ‘टेक’ होतं.

मग १०६६ साली नॉर्मन लोक आले, आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच. दरबार, कोर्ट, कागद, सगळं फ्रेंच. फ्रेंचमध्ये ‘घेणे’साठी ‘प्रांद्र’ हे क्रियापद आहे आणि त्याच्या स्वतःच्या ठरलेल्या जोड्या आहेत. इंग्रजीतल्या ‘टेक पार्ट’, ‘टेक लीव्ह’ अशा बऱ्याच जोड्यांवर त्या फ्रेंच-लॅटिन वळणाची छाप आहे असं भाषेचे अभ्यासक दाखवतात. म्हणजे क्रियापद व्हायकिंगांचं, जोड्यांची रीत फ्रेंचांची, आणि पाठ करायची आम्ही.

बरं, स्वतः इंग्रजांचं तरी एकमत आहे का? अमेरिकन माणूस आंघोळ ‘टेक’ करतो, ब्रिटिश ‘हॅव’ करतो. निर्णय ब्रिटिश ‘टेक’ करतात, अमेरिकन ‘मेक’ करतात. आपण मराठीत निर्णय घेतो आणि आंघोळ करतो. फोटो इंग्रजीत घेतात, हिंदीत खेचतात, आपण काढतो. यात तर्क शोधायला गेलात तर डोकं दुखेल.

एका माणसाने तरीही तर्क लावला. सी. के. ऑग्डेन, इंग्रज, १९३० साली त्याने ‘बेसिक इंग्लिश’ नावाची योजना मांडली. अख्खी इंग्रजी ८५० शब्दांत. आणि त्यांत क्रियापदं किती? फक्त १८. टेक, गिव्ह, गेट, पुट, मेक, गो, कम, असली. बाकीची हजारो क्रियापदं त्याने काढून टाकली, कारण ‘एंटर’ कशाला हवं, ‘गो इन’ आहे ना. चढायला ‘गो अप’. काढून टाकायला ‘टेक ऑफ’. इंजिनिअर म्हणून मला हा माणूस पहिल्यांदा फार आवडला. किती कमी कोड! १९४३ मध्ये हार्वर्डला भाषण करताना चर्चिलनेही बेसिकची बाजू घेतली होती.

पण थोडा विचार केला आणि घोळ दिसला. शब्द ८५० राहिले, पण जोड्या? ‘टेक ऑफ’ म्हणजे कपडे काढणे, हे एक वेळ ‘टेक’ आणि ‘ऑफ’ वरून कळेल. विमान ‘टेक ऑफ’ करतं तेव्हा काय घेतं आणि कुठून? ‘टेक इन’ म्हणजे आसरा देणे, कपडा आत घेऊन शिवणे, समजून घेणे, आणि फसवणेसुद्धा. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईबापांवर जाणे. ऑग्डेनला या सोप्या वाटल्या कारण त्या त्याला आईच्या मांडीवर मिळाल्या होत्या. वणीच्या पोराला ‘एंटर’ सोपं. एक शब्द, एक अर्थ, पाठ केला की संपलं. लहान लहान क्रियापदांची इंग्रजीच सगळ्यात अवघड. उलट मोठमोठे लॅटिन शब्द आम्ही बारावीपर्यंत गिळून बसलेलो असतो.

ही जोड्यांची अडचण फार आधी ओळखणारा एक माणूस आपल्या मराठीच्या इतिहासात आहे, आणि याबद्दल वाचलं तेव्हा मी खरंच खुर्चीवरून उठलो. जेम्स थॉमस मोल्सवर्थ. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याच वर्षी. गावोगावचे शब्द गोळा करायला शास्त्री-पंडितांचा ताफा कामाला होता. हा कोश आज इंटरनेटवर फुकट शोधता येतो, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर. मोबाइलवर उघडा आणि कुठलंही नाम बघा. बऱ्याच नामांपुढे एक बारीक इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्याच्यापुढे मराठी क्रियापदं दिसतील. कर, दे, घे, लाव, घाल, लाग, अशी. अर्थ असा की या नामाबरोबर मराठी माणूस ही क्रियापदं वापरतो. नुसता अर्थ देऊन भागत नाही, संगतही सांगावी लागते, हे त्याला कळलं होतं. कारण उघड आहे. तो स्वतः परका होता. त्याने मराठीत असंच काहीतरी ‘गेव्ह द एक्झॅम’ केलं असणार आणि पुण्याच्या शास्त्रीबुवांनी मिशीत हसून दुरुस्त केलं असणार. माझी कल्पना हं, पुरावा मागू नका.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी हेच काम व्हायला पुढे बराच काळ गेला. हॅरोल्ड पामरने टोकियोत बसून १९३३ साली इंग्रजीतल्या अशा जोड्यांचा अहवाल काढला. त्याच्या मागोमाग ए. एस. हॉर्नबीचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश जपानमध्ये १९४२ साली छापला गेला. तोच पुढे ऑक्सफर्डने घेतला. आपल्या कपाटातल्या जाडजूड ऑक्सफर्ड डिक्शनरीचा तो मूळपुरुष. या संगतीला ‘कोलोकेशन’ हे नाव रुजवणारा जे. आर. फर्थ, तो १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हा त्याचा विचार. आज फोनचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो तो याच विचाराच्या वाटेवर चालतो. मास्तर ज्यासाठी छड्या मारायचे ते आता कीबोर्ड राखाडी अक्षरांत गुपचूप सांगतो.

सगळ्यांनी इतक्या मायेने बघितलं असं नाही. जी. सी. व्हिटवर्थ नावाचा मुंबई इलाख्यातला सिव्हिल सर्व्हिसचा अधिकारी होता. त्याने १९०७ साली ‘इंडियन इंग्लिश’ नावाचं पुस्तक काढलं. भारतीय लोक इंग्रजी लिहिताना वाक्प्रचारांच्या ज्या चुका करतात त्यांचा तो संग्रह. मेहनत मोठी आहे, नाकारत नाही. पण मोल्सवर्थ आपल्या जोड्या टिपतो तेव्हा त्याला कोश म्हणतात, आणि आपण त्यांच्या जोड्या आपल्या वळणाने लावतो तेव्हा त्याची चुकांची यादी होते.

थांबा, पण मी इथे साळसूद बनू नये. कारण हेच मराठीत मराठी माणसांनी माझ्याशी केलंय, आणि एकदा मीही केलंय.

मी पुण्यात हॉस्टेलला आलो त्या पहिल्याच आठवड्यात रूममेटला म्हटलं, ‘त्याचे पैसे देऊन दे ना.’ तो लोळून हसला. ‘देऊन दे म्हणजे काय रे? किती वेळा देऊ?’ मग ते माझं नावच पडलं, देऊनदे. आता मराठीत ‘घे’ आणि ‘दे’ दुसऱ्या क्रियापदाला जोडतातच. ‘लिहून घे’ म्हणजे तुझ्यासाठी लिही, ‘लिहून दे’ म्हणजे दुसऱ्यासाठी. जोडल्यावर ‘दे’चा मूळ अर्थ पातळ होतो आणि फायदा कुणाचा एवढंच उरतं. त्याच हिशेबाने ‘देऊन दे’ चुकीचं कसं? आमच्याकडे ‘देऊन दे’ आहे, ‘घेऊन घे’ आहे, आणि ‘काय करून राहिला बे’ तर आहेच. हिंदीत ‘दे दो’, ‘ले लो’, ‘कर रहा है’.

ते आलं कुठून, याचं उत्तर डेनलॉसारखंच आहे. वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडला गेला, जिथे नागपूरची मराठी आणि जबलपूरची हिंदी एकाच सरकारी छपराखाली होत्या. ते १९५६ पर्यंत चाललं. आमच्या जिल्ह्याचं सरकारी नावच १९०५ पर्यंत वणी होतं, इंग्रज त्याचं स्पेलिंग ‘वून’सारखं करायचे, नंतर ते यवतमाळ झालं. खाली पैनगंगेपलीकडे तेलुगू. आसपासच्या गावांत गोंडी आणि कोलामी. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींवर कुठकुठून आलेली माणसं, त्यांची शिफ्टमधली हिंदी. एवढ्या शेजाऱ्यांत राहून जोड्या पुण्यासारख्याच राहिल्या असत्या तर नवल.

आणि मी काय केलं? ऑफिसात एक तेलुगू मित्र मराठी शिकत होता. एकदा म्हणाला, ‘मला बस लागली.’ त्याला म्हणायचं होतं की बस धडकली, पायाला खरचटलं होतं. मी फिदीफिदी हसत त्याला समजावलं की नाही रे, बस लागते म्हणजे उलटी होते. त्याने शांतपणे विचारलं, मग काल तूच म्हणालास ना, वणीच्या स्टँडवर नागपूरची बस लागली की फोन कर? मी गप्प. गाडी स्टँडवर लागते, त्याच गाडीत माझ्या बहिणीला गाडी लागते, घाटात दुसरी गाडी घासली तर तीही लागते, आणि तिकडे भूक लागते, नोकरी लागते, वेळ लागतो. त्याने वही काढली. मी त्याला ‘लाग’च्या अकरा जोड्या लिहून दिल्या. त्याने मला तेलुगूतल्या त्यांच्या असल्याच एका क्रियापदाच्या जोड्या लिहून दिल्या. त्या मला अजून जमत नाहीत.

गेल्या महिन्यात ते सर्टिफिकेशन नव्याने करावं लागलं, मुदत संपली होती. परीक्षा ऑनलाइन, खोली रिकामी, भिंतीसुद्धा कॅमेऱ्यावर दाखवायच्या. सुटल्यावर टीमच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं, ‘टुक द एक्झॅम, पास्ड.’ पाठवायच्या आधी तपासलंही नाही. तेवढ्यात वणीहून आईचा फोन आला.

‘काय रे, झाला का पेपर? देऊन देला?’

‘हो आई. देऊन देला.’